टोमॅटो वा दुधी वा

नीतिशास्त्राचे मोठमोठे प्रश्न माणसाला रणांगणावर, अरण्यात किंवा निदान न्यायालयात पडतात, असा माझा अनेक वर्षे समज होता. अर्जुनाला प्रश्न पडला तो दोन सैन्यांच्या मधोमध रथ उभा केल्यावर. आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात रथाचे सोडा, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला ओट्याला चिकटून दुसऱ्याला वाट द्यावी लागते. तेव्हा तिथे आपल्याला धर्मसंकट वगैरे गाठील अशी भीती मला कधी वाटली नव्हती. पडलाच प्रश्न तर सिलिंडर कधी संपणार, एवढाच. पण गेल्या पावसाळ्यात त्याच ओट्यापाशी मला असा एक प्रश्न पडला की त्यापुढे बँकेची प्रमोशनची परीक्षा सोपी वाटावी. (ती मी तीनदा दिली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.) प्रश्न असा : ७८ वर्षांच्या आईला दुधीभोपळा आवडत नाही हे माहीत असून तो टोमॅटोच्या सुपात बेमालूम घोटून घातला आणि तिला सांगितले नाही, तर ते खोटे बोलणे होते का?

तुम्ही म्हणाल, ह्यात काय एवढं? मीही आधी तसेच म्हटले होते. तीच तर सगळी गोष्ट आहे.

सुरुवात झाली आईच्या कवळीपासून. नवी कवळी आणि नवी सून ह्यांना रुळायला वेळ द्यावा लागतो, हे आईचेच वाक्य. पण सून रुळून वीस वर्षे होत आली तरी ही कवळी काही रुळेना. हिरड्या दुखायच्या. आधी भाकरी बंद झाली, मग कोशिंबीर गेली, मग पोळी दुधात कुस्करली जाऊ लागली आणि शेवटी ताटात मऊ भात आणि वरण एवढेच उरले. डॉक्टर म्हणाले, "आजींच्या पोटात भाज्या गेल्या पाहिजेत. सूप करून द्या. आणि गाळू नका, चोथाच तर हवाय."

सूप करायचे म्हणजे भाज्या शिजवून मिक्सरमधून काढायच्या, एवढे ज्ञान मला होते. ज्ञान अपुरे असले की माणूस धाडसी होतो. आईची साडेसातची जेवायची वेळ झाली होती, म्हणून मी कुकरमधून काढलेल्या वाफाळत्या भाज्या तशाच मिक्सरच्या भांड्यात काठोकाठ भरल्या, झाकण दाबले आणि बटण फिरवले. आता त्यामागचे शास्त्र मला पाठ आहे. गरम पातळ पदार्थ बंद भांड्यात एकदम घुसळला की वाफ सुटते, आतली हवा तापून फुगते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. त्या दिवशी तिला झाकणाची वाट मिळाली. झाकण माळ्यापर्यंत गेले, त्याच्यामागून टोमॅटो गेले. माझा हात भाजला नाही हे पूर्वजांचे पुण्य. छतावरचा डाग अजून आहे. पाहुणे विचारतात, "गळतंय का वरून?" आम्ही वरच्या मजल्यावरच्यांची क्षमा मागून "हो" म्हणतो. म्हणजे बघा, ह्या प्रकरणात खोटेपणाचा शिरकाव तेव्हापासूनच झाला होता.

गरम सूप मिक्सरमध्ये घालायचेच तर आधी निवू द्यावे, भांडे अर्धेच भरावे, झाकणाच्या मधली टोपी काढून वर फडका धरावा, हे सगळे नंतर कळले. पण निवेपर्यंत थांबायचे, वाटायचे, पुन्हा पातेल्यात ओतून गरम करायचे आणि मग मिक्सरचे भांडे घासायचे, ह्यात आईची झोपायची वेळ व्हायची. शेवटी आमची अकरावीतली मुलगी म्हणाली, "बाबा, हँड ब्लेंडर आणा ना! पातेल्यातच घालायचा, फिरवायचा, संपलं."

बँकेतला माणूस वस्तू विकत घेत नाही. तो तिचे कर्जप्रकरण तपासतो. मी चार दिवस चौकशी केली. त्यात कळले की हे यंत्र रॉजर पेरिंजाके नावाच्या एका स्विस गृहस्थांनी काढले आणि १९५० साली त्याचे पेटंट घेतले. त्याला नाव दिले बॅमिक्स. 'फेटतो आणि मिसळतो' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांची ती जुळवाजुळव आहे. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६३ साली, आपल्याकडे सुमीतचा मिक्सर आला आणि मध्यमवर्गातला पाटा-वरवंटा हळूहळू गॅलरीत गेला. मी ही माहिती मोठ्या उत्साहाने आईला सांगितली. कांडीसारखे यंत्र, खाली पाते, वर मोटार, पातेल्यात उभे धरायचे, हेही हातवारे करून दाखवले. आई म्हणाली, "म्हणजे विजेची रवी की रे! त्यात त्या स्विसाने काय शोधलं? देव-दानवांनी मंदार पर्वताची केली होती ती काय होती?" स्वित्झर्लंडचा विषय तिथेच संपला. आमच्या घरात ते यंत्र दुकानातून यायच्या आधीच 'विजेची रवी' झाले होते.

स्टेशनजवळच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, किती वॅटचा देऊ?" जणू किती किलो बटाटे देऊ. दोनशेपासून आठशेपर्यंत वॅट मांडून ठेवले होते. वॅट म्हणजे यंत्र वीज किती ओढते त्याचा आकडा. सूप किती गुळगुळीत होईल ते पात्याच्या आकारावर आणि भाजी किती शिजली आहे त्यावरही असते, हे मी वाचून गेलो होतो. शिजलेल्या भाज्यांना तीन-चारशे वॅट पुष्कळ झाले. आठशे वॅटने गाजर घोटणे म्हणजे माशी मारायला तोफ. मग त्याने वेग दाखवले. एका यंत्राला बारा वेग होते. सुपाला वेग लागतात दोन : चालू आणि बंद. मग जोडण्या आल्या : अंडी फेटायची, कांदा चिरायची, मोजमापाचा पेला. ह्या जोडण्यांचे आमच्या घरातले भवितव्य मला स्पष्ट दिसत होते. ते छतावरच्या डागाशेजारी, माळ्यावर होते.

मी पाहिले ते एवढेच : कांडी स्टीलची आहे ना, कारण प्लॅस्टिकच्या कांडीचा आणि उकळत्या सुपाचा संसार फार दिवस टिकत नाही. कांडी मोटारीपासून सुटी होते ना, म्हणजे नळाखाली धुता येईल. मोटारीला पाणी लागता कामा नये. बटण दाबून धरावे लागते, तर ते बायकोच्या अंगठ्याला झेपेल ना. आणि वायर आमच्या प्लगपासून ओट्यापर्यंत पोहोचते ना. ती गॅसवरून जाणार असेल तर पातेले उतरवून ओट्यावर घ्यायचे, हा नियम मी दुकानातच ठरवला. आय.एस.आय.चा शिक्का पाहिला, हमीपत्रावर दुकानदाराची सही-शिक्का घेतला आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

समुद्रमंथनात पहिल्यांदा हलाहल निघाले, रत्ने नंतर. आमच्याकडेही तोच क्रम राहिला. मी बटण आधी दाबले आणि कांडी मग सुपात घातली. शर्ट गेला. दुसऱ्या दिवशी कांडी आधी घातली, पण बटण सोडण्यापूर्वी वर काढली. बनियन गेला. (शर्ट मी ह्या वेळी काढून ठेवला होता. अनुभवाने माणूस शहाणा होतो, पण हप्त्याहप्त्याने.) तिसऱ्या दिवसापासून मात्र हात बसला. पाते पूर्ण बुडवायचे, मग चालू करायचे. पातेले किंचित तिरके करून कांडी तळाशी सावकाश फिरवायची. सलग मिनिटभराहून जास्त चालवायची नाही, मोटार तापते. बंद करायचे, मग वर काढायचे. पात्याला बोट लावण्यापूर्वी प्लग काढायचा. नॉनस्टिकच्या भांड्यात ती घालायची नाही, ओरखडे जातात. बटाटा असेल तर फार घोटायचे नाही, नाहीतर त्यातला स्टार्च सुटून सुपाची खळ होते आणि त्यावर पतंगाचे कागद चिकटवता येतात. आणि गाळणी लांब ठेवायची, कारण टोमॅटोची सालेसुद्धा त्यात दिसेनाशी होतात. चार टोमॅटो, एक गाजर, अर्धा कांदा, दोन लसूणपाकळ्या, दोन चमचे मुगाची डाळ, कुकरच्या तीन शिट्ट्या, एक मिनिट रवी, वर मिरपूड आणि थेंबभर तूप. आई वाटी पुसून प्यायची.

इथेच गोष्ट थांबली असती तर हा लेख पाककृतीच्या पानावर गेला असता. पण एका संध्याकाळी आमची ही म्हणाली, "अहो, ह्यात थोडा दुधी घातला तर? पचायला हलका असतो."

"आई दुधी खात नाही."

"कळलं तर ना!"

हे तीन शब्द लक्षात ठेवा. जगातले बहुतेक गैरव्यवहार ह्या तीन शब्दांनी सुरू होतात.

दुधी हा भाज्यांमधला आदर्श कारकून आहे. त्याला स्वतःचा रंग नाही, वास नाही, मत नाही. जिथे बसवाल तिथे बसतो आणि कामाचे श्रेय दुसऱ्याला जाते. पहिल्या दिवशी आम्ही त्याचे चार तुकडे घातले. टोमॅटोच्या लाल रंगात ते विरून गेले. आई म्हणाली, "आज छान झालंय." दुसऱ्या दिवशी सहा तुकडे. महिन्याभरात निम्मे सूप दुधीचे झाले होते. पैशाची अफरातफरही अशीच वाढते. पहिल्याच दिवशी तिजोरी कुणी उचलून नेत नाही.

मग एके दिवशी आई वाटी खाली ठेवीत म्हणाली, "टोमॅटो बरे मिळतात रे हल्ली. अजिबात आंबट नाहीत."

मी म्हणालो, "हो, गावठी आहेत."

आता तुम्हीच सांगा, मला हे बोलायची काही गरज होती? तोपर्यंत मी फक्त गप्प होतो. गप्प राहणे आणि खोटे बोलणे ह्यांत निदान एका उंबऱ्याचे अंतर असते. तो उंबरा मी 'गावठी' ह्या एका शब्दाने ओलांडला. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालायचा म्हणतात. हत्तीचे नाव पुढे करून त्याने द्रोणाचार्यांना फसवले आणि रथ खाली टेकला. माझे चालणे आधीपासूनच जमिनीवरून असल्यामुळे मला टेकायला खाली काही नव्हते, एवढाच फरक. पण त्या रात्री झोप लागली नाही.

झोप लागत नाही तेव्हा माणूस वकील होतो. मी माझ्या बाजूने मुद्दे मांडले. एक, हेतू चांगला. दोन, तिच्या प्रकृतीला फायदा. तीन, आम्ही लहान असताना तिने थालीपिठात मेथी आणि कोबी लपवून आम्हाला चारला नव्हता का? मग ही परतफेडच. शिवाय खोटे कधीच बोलू नये असे म्हणणारे तरी किती व्यवहारी असतात? कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली एक निबंध लिहून असे सांगितले, की तुमच्या घरात लपलेल्या मित्राला मारायला मारेकरी दारात येऊन विचारू लागला, तरीही खोटे बोलू नका. आमच्या सोसायटीत राहायला आला असता तर एका वार्षिक सभेत त्याचे मत बदलले असते. कांटचे ऐकायचे नाही हे मी रात्री एकच्या सुमारास ठरवून टाकले.

पण आम्ही कॉमर्सवाले. आमचा खरा स्मृतिग्रंथ म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. तो मला बी.कॉम.ला होता आणि दुर्दैवाने पाठही होता. त्यातल्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. समोरच्याला फसवण्याच्या इराद्याने, माहीत असलेली वस्तुस्थिती जाणूनबुजून लपवणे म्हणजेही फसवणूक. 'फायद्यासाठी लपवली तर चालेल' असे तिथे कुठे लिहिलेले नाही. आणि १४ व्या कलमाप्रमाणे फसवणुकीने मिळालेली संमती ही मोकळी संमतीच नव्हे. आई रोज वाटी हातात घ्यायची ती टोमॅटोच्या सुपाला संमती देऊन. दुधीच्या सुपाला तिने कधी संमती दिलीच नव्हती.

हिला सकाळी हे सांगितले तर ती म्हणाली, "आईंशी तुम्ही करार कधी केलात? आणि चहा निवतोय." मुलीने मात्र माझी बाजू घेतली. "आजी जेवायला बसते तेव्हा तिला वाटतं की आपण काय खायचं ते आपण ठरवतोय. ते तुम्ही काढून घेतलंत." मी म्हटले, "अगं, दुधीच काढून घेतला असता तर तिला आनंद झाला असता." विनोद बरा होता, पण कोणी हसले नाही. विनोद बरा असून हसू येत नाही तेव्हा समजावे, की समोरच्याचे म्हणणे खरे आहे.

तरीही मी पंधरा दिवस दुधी घालतच राहिलो. माणसाला पटणे आणि माणसाने थांबणे ह्यांच्यामध्ये जेवणाची सुट्टी असते, आणि ती फार लांबते.

मग बँकेत एक प्रसंग घडला. महिन्याच्या सुरुवातीचा, पेन्शनच्या गर्दीचा दिवस. एक गृहस्थ काउंटरवर आले, बरोबर त्यांचे वडील. काठी, टोपी, कानात यंत्र. मुलाने पैसे काढायची स्लिप पुढे केली : रुपये वीस हजार. खाली वडिलांची थरथरती सही. मी आजोबांकडे पाहून विचारले, "आजोबा, किती काढायचेत?" मुलगा चिडला. "अहो, लिहिलंय की त्यावर. त्यांना कशाला विचारता? त्यांना काही कळत नाही. आणि हे सगळं त्यांच्याच औषधपाण्यासाठी आहे."

मी म्हणालो, "असेल हो. पण खातं त्यांचं आहे. मला त्यांनाच विचारावं लागेल." आणि पुन्हा, थोडे मोठ्याने, "आजोबा, किती?"

आजोबा काठीवर ताठ झाले. खिशातून चष्मा काढून त्यांनी स्लिप डोळ्यांजवळ धरली, नीट वाचली आणि म्हणाले, "वीस. बरोबर आहे. द्या." मुलाने माझ्याकडे 'झालं समाधान?' अशा नजरेने पाहिले. आकडा तोच होता, पैसे त्याच कामाला जाणार होते. मुलगा काही लबाड नव्हता. पण म्हातारे पैसे मोजून घेताना जसे उभे होते, तसे ते दोन मिनिटांपूर्वी उभे नव्हते. फरक पडला तो नुसत्या विचारण्याने.

मागच्या रांगेतून "लवकर करा" अशी ओरड झाली आणि मी पुढची स्लिप घेतली. पण संध्याकाळच्या लोकलमध्ये, दिवा आणि कोपर ह्यांच्या मध्ये कुठेतरी, एका पायावर उभा असताना, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परक्याच्या बापाला मी नियमावर बोट ठेवून विचारतो आणि स्वतःच्या आईला विचारत नाही. म्हाताऱ्या माणसाकडून आपण गोष्टी कशा एकेक काढून घेतो बघा. आधी कपाटाच्या किल्ल्या, 'तुला वाकवत नाही' म्हणून. मग लाइटबिल भरणे, 'आता सगळं मोबाइलवर असतं' म्हणून. मग बाजारात जाणे, मग भाजी निवडणे. प्रत्येक वेळी कारण खरे असते आणि प्रेमाचे असते. शेवटी त्या माणसाच्या हातात एकच खाते शिल्लक राहते : हे मला आवडते आणि हे आवडत नाही. त्या खात्यातूनही मी स्लिप न भरता रक्कम काढत होतो.

थालीपिठातल्या मेथीचा मुद्दाही तिथेच निकालात निघाला. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा मला ठरवायची अक्कल यायची होती. माझ्या वतीने तिने ठरवणे हे तिचे कामच होते. अज्ञान मुलाचे खाते पालक चालवतो, ते मूल सज्ञान होईपर्यंत. पण सज्ञान माणसाला पुन्हा अज्ञान ठरवायचे असेल तर नुसते वय पुरत नाही, त्याला काही आधार लागतो. ज्या घरात आजारपणाने माणूस विचारलेले समजण्याच्या पलीकडे गेले आहे, तिथली गोष्ट वेगळी. तिथे घास पोटात जाणे हेच पुण्य आणि त्या घरांना शिकवायला मी कोण? पण आमची आई अजून मनातल्या मनात भागाकार करते आणि वाण्याच्या बिलातली चूक काढते. तिला न विचारण्याचे खरे कारण तिला कळत नाही हे नव्हतेच. ती 'नको' म्हणेल, आणि मग मला दुसरी भाजी शोधावी लागेल, हे होते. परोपकाराच्या पुष्कळशा खात्यांत जमेची बाजू आपल्याच सोयीची असते.

घरी येऊन हातपाय धुतले आणि आईच्या खोलीत गेलो. ती वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत होती.

"आई, एक सांगायचं होतं."

"दुधीचं ना?" कोड्यावरून मान वर न करता ती म्हणाली.

मी पलंगावर बसलो. बसलो म्हणजे बसायला झाले.

"तुला कळलं होतं?"

"अरे, ओल्या कचऱ्याच्या बादलीत महिनाभर सालं बघत्येय मी. सुनेला म्हणणार होते, दुधी घालायचा तर घाल बाई, पण सालं का टाकतेस? तीळ-खोबरं घालून चटणी काय सुंदर होते!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात काही करत होतास. म्हटलं, कशाला हिरमोड करा पोराचा. औषधासारखं पीत होते झालं." मग तिने पेन्सिल बाजूला ठेवली. "पण गावठी टोमॅटो म्हणालास ना, तेव्हा वाईट वाटलं. मी मुद्दामच विषय काढला होता. म्हटलं, आता तरी सांगेल."

वाचकहो, बँकेत माझा एकदा दहा हजारांचा हिशेब लागला नव्हता. रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो. त्या दिवशीसुद्धा मला इतके ओशाळल्यासारखे झाले नव्हते.

"आणि काय रे," ती पुढे म्हणाली, "दुधी कापताना तुकडा चाखून बघता का?"

"चाखून? कशाला?"

"कडू निघतो एखादा. कडू दुधी विषारी असतो. म्हणून तर माझ्या मनातून उतरलाय तो. माझ्या माहेरी एकदा सगळं घर आडवं झालं होतं त्याने. शिजवला म्हणून त्याचं कडूपण जात नाही. आणि तुम्ही तो घालणार टोमॅटोत, मिरपुडीत, वर घोटून एकजीव करणार. मला दुधी आहे हेच ठाऊक नसेल तर जरा कडवट लागलं तरी मी म्हणणार, कांदा करपला असेल. तुझ्या विजेच्या रवीला जीभ नसते बाबा. जीभ माझ्याकडे आहे, तर तिला निदान खबर द्यायची होतीस."

हे मी नंतर पडताळून पाहिले. आई बरोबर होती. २०१० च्या सुमारास कडू दुधीचा रस पिऊन दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि कडू लागणारा रस पिऊ नये असे नंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीनेही सांगितले. म्हणजे १८७२ च्या कायद्याने आणि १७९७ च्या जर्मनाने जे मला नीट पटवले नव्हते, ते कचऱ्याच्या बादलीवर लक्ष ठेवणाऱ्या बाईने दोन वाक्यांत पटवले. माणसाला खरे सांगायचे ते काही केवळ आपला रथ चार बोटे वर राहावा म्हणून नव्हे. खरे ठाऊक असेल तरच त्याला स्वतःची राखण करता येते. आपण चांगल्या हेतूने डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि मग ठेच लागली तर काळजी घेतो. ह्यापेक्षा पट्टी न बांधणे सोपे.

लुका पाचोली नावाच्या इटालियन धर्मोपदेशकाने १४९४ साली जमाखर्चाची दुहेरी नोंदीची पद्धत पुस्तकात छापली. प्रत्येक नावेला जमा असते. त्या न्यायाने पाहिले तर आमच्या घरात महिनाभर दोन्ही बाजूंनी नोंदी होत होत्या. मी तिच्या भल्यासाठी दुधी लपवत होतो, ती माझ्या समाधानासाठी साली न पाहिल्यासारखे करत होती. ताळेबंद तंतोतंत जुळत होता. पण दोन्हीकडच्या नोंदी खोट्या असल्या तरीही ताळेबंद जुळतो, हे कुठल्याही ऑडिटरला विचारा.

हल्ली आमच्याकडे नवी पद्धत आहे. सकाळी भाजीची पिशवी आईपुढे ओतायची. ती निवडते आणि संध्याकाळचे सूप जाहीर करते. दुधी असेल तर मी आधी कच्चा तुकडा चाखतो, आई माझ्या तोंडाकडे पाहते आणि मग सुरीला परवानगी मिळते. दुधी ती आठवड्यातून दोनदा घेते. "विचारलंस म्हणून," असे दर वेळी सांगते. गेल्या मंगळवारी मात्र साफ नाही म्हणाली. पिशवीत दुसरे काही नव्हते. मी पावसात छत्री घेऊन लाल भोपळा आणायला गेलो, आणि भिजत येताना, खरे सांगायचे तर, पूर्वीची पद्धत किती सोयीची होती हा विचार एकदा मनात येऊन गेला.

सालींची चटणी सुरू झाली आहे. ती फार चांगली होते. तीत आई आणखी काहीतरी घालते. काय, ते विचारले तर नुसती हसते. आता १७ वे कलम तिला वाचून दाखवावे की नाही, ह्याचा मी विचार करतो आहे.